रात्रीच्या लाईटीला पाणी भरताना माणूस खरंच जागा असतो का?

केळीवाला_यावल | सोमवार, सकाळी ११:१०

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. आमची केळी यावल तालुक्यात, तिला ठिबक आहे. पण खालच्या तुकड्यात मका आहे आणि तो पाटानंच भरावा लागतो. या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, रात्रीची थ्री फेज, मोटर त्याच लाईटीवर चालते. परवा दोन-अडीचच्या सुमारास एक बारं (वाफ्यात पाणी सोडायचं तोंड) फोडलं, पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं, एवढं मला पक्कं आठवतं. त्यानंतर एकदम मी बांधाजवळ उभा, फावडं हातात, आणि मधले सगळे वाफे भरलेले. दांड (पाण्याचा पाट) कुठं फुटलेला नाही, माती नीट लावलेली. शेतात दुसरं कोणीच नव्हतं, म्हणजे हे मीच केलं. पण त्यातला एक क्षणही आठवत नाही.

झोपलो असतो तर पडलो असतो ना? आणि जागा होतो तर आठवत का नाही? दारू मी घेत नाही. तंबाखू खातो, ती सगळेच खातात. आई म्हणते चकवा लागला, नारळ फोड. धाकटा भाऊ म्हणतो मोबाईल बघत बसला असशील, वाफे आपोआप भरले. अजून कोणाला असं झालंय का? डॉक्टरला दाखवण्यासारखं आहे का?

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | सोमवार, सकाळी ११:२२

ज्यानं वाफे भरले त्याचा नंबर पाठव भो. आमच्याकडे पारोळ्याला मजूर मिळून नाही राह्यला.

तापीकाठचा | सोमवार, सकाळी ११:४५

हाई काय नवी गोट शे? मना बाप पावडं हातमा धरीसन उभा उभाच घोरे!

थट्टा नाही करत. आमचे आबा रात्री वाफ्याच्या शेवटच्या टोकाला अनवाणी उभे राहायचे, नाहीतर तिथेच गोणपाट टाकून सरीत पाय सोडून पडायचे. वाफा भरत आला की थंड पाणी पायाला लागायचं आणि ते उठून बारं बदलायचे. त्या काळी मोबाईलचा गजर नव्हता. आम्ही सगळे त्याच पाण्यावर वाढलो. सकाळी आजी विचारायची, रात्री झोप झाली का? आबा म्हणायचे, डोळ्याला डोळा नाही लागला. आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटायचं.

चकवा_खरा_असतो | सोमवार, दुपारी १२:३०

लोक हसतात, पण यावलकर, तुमच्या आईचं ऐका. माझे मामा रावेरकडचे. रात्री केळीच्या बागेतून खोपीकडे निघाले आणि पहाटेपर्यंत फिरत राहिले. सकाळी बघतात तर खोपी हाकेच्या अंतरावर. स्वतःची बाग, तीस वर्षं राबलेला माणूस. त्याला रस्ता चुकतो? चकवा बुद्धीच काढून घेतो. तुमच्याकडून त्यानं काम तरी करून घेतलं.

रेघोट्या | सोमवार, दुपारी ३:०५

धुळ्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. क्षमस्व.

केळीवालेभाऊ, तुमचा प्रश्न असा आहे की माणूस एकतर जागा असतो नाहीतर झोपलेला. मेंदूला हे मान्य नाही. कवटीवर तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपण्याचं काम जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसावर पहिल्यांदा केलं आणि १९२९ मध्ये छापलं. त्यानंतर लक्षात आलं की झोपेला पायऱ्या आहेत. १९५३ मध्ये शिकागोला असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळे भराभर फिरणारी झोप वेगळी काढली. स्वप्नं जास्त तिथेच पडतात. त्या झोपेत मानेखालचे स्नायू जवळजवळ सैल सुटतात, म्हणून त्यात उभं राहता येत नाही. पण पहिल्या पायरीची जी हलकी डुलकी असते तिच्यात स्नायूंचा ताण बराच शिल्लक असतो. माणूस उभा राहतो, बसलेला असेल तर मान टाकतो आणि दचकून सावरतो. काही सेकंदांच्या अशा डुलकीला सूक्ष्मझोप म्हणतात. डोळे उघडे असतानाही ती येते.

आता आठवत का नाही? प्रयोगशाळेत लोकांना झोप लागल्यावर थोड्याच वेळात उठवलं तर दोन गोष्टी दिसतात. बरेच जण ठामपणे सांगतात, "मी झोपलोच नव्हतो." आणि दुसरं, झोप लागण्याच्या आधीची काही मिनिटंही पुसली जातात. आबांचं "डोळ्याला डोळा नाही लागला" हे त्यातलंच.

सगळ्यात मजेदार गोष्ट २०११ ची. उंदरांना बराच वेळ जागं ठेवलं. उंदीर चालतोय, डोळे उघडे आहेत, पण मेंदूतल्या काही काही पेशी थोडा वेळ गप्प होतात, झोपेत होतात तशाच. बाकीच्या चालू. आपल्याकडे भारनियमनात एकेक फिडर बंद होतो आणि शेजारच्या गावात दिवे असतात, तसं. तुमचा हात-पाय-फावड्याचा फिडर चालू होता आणि आठवण ठेवण्याचा बंद, असं समजायला हरकत नाही. बारं फोडायचं काम तुम्ही लहानपणापासून करता. त्याला लक्ष द्यावंच लागत नाही.

पुणेरी_जावई | सोमवार, दुपारी ३:४०

रेघोट्याताई, उंदरावरून शेतकऱ्यावर एवढी उडी? शिवाय सूक्ष्मझोप काही सेकंदांची म्हणता, आणि इथे बरेच वाफे भरले गेलेत. तेवढा वेळ तर तासभर असेल. हिशेब जुळत नाही.

एक निरागस शंका: पाणी दिवसा का नाही भरत?

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | सोमवार, दुपारी ३:४२

जावईबापू, या एकदा. सासुरवाडीला बारं धरायला लावू. दिवसा.

तापीकाठचा | सोमवार, दुपारी ३:५०

दिवसा लाईट आली तर दिवसा भरू ना दादा. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. शेजारच्या फिडरला उलटी पाळी. तुमच्याकडे पिठाची गिरणी रात्री दोनला सुरू केली असती तर तुम्हीही रात्री दळण आणायला गेला असता.

रेघोट्या | सोमवार, संध्याकाळी ५:१५

जावईबापूंची हरकत रास्त आहे. सलग तासभर सूक्ष्मझोप नसते. माझा अंदाज असा की डुलकी, थोडी जाग, परत डुलकी असं चाललं असणार, आणि जागेच्या त्या तुकड्यांतही आठवण नीट नोंदली गेली नाही. शिवाय एकसारखं काम असलं की ताजातवाना माणूसही विसरतो. रोजच्या रस्त्यानं गाडी चालवून घरी आलात, मधलं फाटक उघडं होतं की बंद, सांगता येतं का? लक्षच दिलेलं नसतं, मग आठवण कुठून येणार? १९९९ मध्ये अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री यांनी लोकांना चेंडू किती वेळा फेकला जातो ते मोजायला लावलं. मधून गोरिलाचा पोशाख घातलेलं माणूस छाती बडवून गेलं. निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. सगळे टक्क जागे होते.

चकवा_खरा_असतो | सोमवार, संध्याकाळी ५:२०

आमच्याकडे गोरिला नाही, बिबट्या आहे. तो नाही दिसला तर प्रयोग संपतो.

लोको_रिटायर्ड_भुसावळ | सोमवार, रात्री ९:००

रेल्वेत आख्खी नोकरी इंजिनात गेली, त्यातली निम्मी रात्रीची. यावलकर, तुमच्याबरोबर जे झालं ते आमच्यात कोणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. इंजिनात व्हीसीडी नावाचं यंत्र असतं. मिनिटभर ड्रायव्हरनं काहीच हालचाल केली नाही, ना हॉर्न, ना थ्रॉटल, की दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. कल्पना अशी की झोपलेला माणूस बटण दाबणार नाही.

आता ऐका. दाबतो! हाताला सवय लागली की दिवा लागला रे लागला, बोट आपसूक जातं. शेजारी असिस्टंट बघतो तर साहेबांचे डोळे अर्धे मिटलेले, मान स्थिर, बोट बटणावर. रात्री तीन ते पाच ही वेळ वाईट. मलकापूर, नांदुरा, सरळसोट रूळ, समोर उजेडाचा एकच पट्टा. म्हणून आमच्यात सिग्नल मोठ्यानं पुकारायची पद्धत आहे. एकानं बघायचं, हात करून सांगायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. नवीन पोरांना वाटतं काय हे शाळेसारखं. पण जपानची रेल्वेसुद्धा हेच करते. बटण झोपेत दाबता येतं, पण पुढे कोणता सिग्नल कोणत्या रंगाचा आहे हे झोपेत बरोबर बोलता येत नाही. शेतात तुम्ही एकटे, तुम्हाला पुकारायला कोणी नाही. मोठ्यानं स्वतःशी बोला. लोक वेडा म्हणतील तर म्हणू द्या, रात्री दोनला ऐकणार कोण?

धुळे_सुरत_धुळे | सोमवार, रात्री १०:३५

लोको अण्णा, अगदी. मी आयशर ट्रक चालवतो, केळी आणि कांदा. कोंडाईबारीचा घाट उतरताना झोप येत नाही, घाटात माणूस घाबरलेला असतो. झोप येते ती घाट संपल्यावर सपाटीला. काच उघडी ठेवणे, गाणी लावणे, हिरवी मिरची चावणे, डोळ्याला पाणी, सगळं करून झालं. पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, परत तेच. एकदा नवापूरचा ढाबा कधी मागे गेला ते कळलंच नाही, मालक तिथे जेवायला थांबला होता. त्यानं फोनवर जे सुनावलं त्यानंतर मात्र सुरतपर्यंत झोप आली नाही.

रात्रपाळीची_सिस्टर | मंगळवार, पहाटे ४:१०

वॉर्डात शांतता आहे म्हणून लिहितेय. (टायपिंग चुकलं तर कारण वर दिलेलंच आहे.)

ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये एक अभ्यास झाला होता. सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाचा हात-डोळ्याचा मेळ तेवढाच बिघडतो, जेवढा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यावर बिघडतो. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी सहाला उठलेला शेतकरी रात्री अकराला मोटर चालू करायला जातो तेव्हाच सतरा तास झालेले असतात. तोंडाला वास येत नाही एवढाच फरक.

आणि "मला सवय झालीय" म्हणणाऱ्यांसाठी: २००३ मध्ये लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची चाचणी सलग एक-दोन रात्री जागलेल्यांच्या जवळ गेली होती. पण विचारलं तर म्हणत होते, जरा पेंगुळल्यासारखं वाटतं, बाकी ठीक. स्वतःचं स्वतःला कळत नाही, भीती त्याची आहे. आम्ही इंजेक्शनची मात्रा दोघींनी वाचतो ती त्यासाठीच. अण्णांच्या सिग्नल पुकारण्यासारखंच झालं हे.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | मंगळवार, सकाळी ८:३०

म्हणजे पोलिसांनी आता फुंकायला लावायच्या ऐवजी विचारायचं, काय भो, कधी उठला होता?

डॉ_सातपुडा | मंगळवार, सकाळी १०:००

चोपडा तालुक्यात दवाखाना आहे. मूळ प्रश्नातला "डॉक्टरला दाखवू का" हा भाग सगळ्यांनी सोडून दिला, म्हणून लिहितो.

केळीवालेभाऊ, काम केलं पण आठवत नाही, याची कारणं झोपेशिवायही असतात. एक प्रकारची फिट अशी असते की माणूस पडत नाही, झटके येत नाहीत. नजर स्थिर होते, ओठ चावल्यासारखे हलतात, हात कपडे चाळवतात, आणि एक-दोन मिनिटांनी माणूस भानावर येतो पण थोडा वेळ गोंधळलेला असतो. तुम्ही नीट माती लावून वाफे भरलेत, त्यामुळे मला ती शक्यता कमी वाटते. पण दिवसा, झोप पूर्ण झालेली असताना, असं एकदा जरी झालं तर लगेच दाखवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल आणि रात्री जेवण चुकलं असेल तर साखर उतरूनही असं होतं. घरच्यांना विचारा की झोपेत मोठ्यानं घोरता का, मध्येच श्वास अडकतो का. तसं असेल तर रात्रभर पलंगावर झोपूनही झोप होत नाही.

आणि सगळ्यात आधी हे सांगा, सर्दीची गोळी घेतली होती का? मेडिकलवरची जुनी स्वस्त अँटिहिस्टामिनची गोळी, एव्हिलसारखी, मेंदूत शिरून झोप आणते. थंडीत अर्धं गाव ती खाऊन पाण्याला जातं.

"जागा होतो तर आठवत का नाही" यावर आमच्याकडे रोजचं उदाहरण आहे. दुर्बिणीनं पोट तपासण्याआधी मिडाझोलम नावाचं गुंगीचं औषध देतात. पेशंट बोलतो, कूस बदला म्हटलं तर बदलतो, एखादा शिवीही देतो. तपासणी संपल्यावर विचारतो, "डॉक्टर, सुरू कधी करणार?" भान होतं, नोंद झाली नाही. भरपूर दारू प्यायलेला माणूस रात्री भांडण करून सकाळी "मी? मी तर लगेच झोपलो" म्हणतो, त्यातही बऱ्याचदा ढोंग नसतं.

धोत्र्याची गोष्ट त्याहून भयंकर. दरवर्षी एखादा तरी पेशंट येतो, पोरानं बिया खाल्ल्या किंवा कोणी तरी दम्यावर म्हणून काढा पाजला. तोंड कोरडं, बुबुळं मोठी, अंग तापलेलं, आणि माणूस हवेतले न दिसणारे धागे चिमटीनं गोळा करत बसतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. डोळे उघडे, हातपाय चालतात, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. हे जीवावर बेतणारं विष आहे. कृपया इथे कोणी "आमच्या आजोबांनी खाल्लं होतं, काही झालं नाही" असं लिहू नका.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | मंगळवार, सकाळी १०:२०

धोत्र्याचं नाही, भांगेचं लिहू का? महाशिवरात्रीला मित्रानं थंडाई म्हणून दिली. गल्लीतून घरापर्यंत चालायला मला एक वर्ष लागलं. घरी पोचलो तर बायको म्हणाली, आत्ताच तर गेला होता!

डॉ_सातपुडा | मंगळवार, सकाळी १०:४०

गांजा-भांगेत वेळ लांबल्यासारखा वाटतो, हे नेहमीचं आहे. थंडाईतून पोटात गेलेली भांग उशिरा चढते, म्हणून लोक "काहीच होत नाही" म्हणत दुसरा पेला घेतात. तिथे फसतात.

आमचूर | मंगळवार, सकाळी ११:३०

आमच्याकडे धडगावला मोहाची असते. सण असो, लग्न असो, देवाला धार दिल्याशिवाय सुरू होत नाही. तिला सगळं दोष देऊ नका. पण एक विचारायचं होतं. पिऊन झोपलं की माणूस लाकडासारखा पडतो, तरी पहाटे लवकर जाग येते आणि अंग मोडलेलं असतं. झोप तर गाढ लागलेली असते ना?

डॉ_सातपुडा | मंगळवार, दुपारी १२:१०

लागते लवकर. पण पूर्वार्धात स्वप्नांची झोप दबून जाते, आणि दारू उतरली की उत्तररात्री झोप तुटक होते, स्वप्नं घोंगावतात. दारूला झोपेचं औषध समजू नका. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. झोल्पिडेम घेऊन लोक झोपेत स्वयंपाक करतात, गाडी काढतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये त्या गोळीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला.

निर्मलामावशी_शहादा | मंगळवार, दुपारी २:४५

मुलांनो, मी वाचते सगळं, लिहीत कमी. रेघोट्याताईंना विचारायचं आहे. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. रात्रभर जागरण, गाणी, डफ, दिव्यांचा धूर, आणि दिवसभर रोटाच्या (देवीच्या नैवेद्याच्या) गडबडीत पोटात काही नसतं. पहाटेकडे दोन-तीन बायकांच्या अंगात येतं. माझ्या जावेच्या यायचं. एरवी सासूपुढे डोकं वर न करणारी बाई, त्या वेळी सासूला नावानं हाक मारून सुनवायची. सकाळी विचारलं तर म्हणायची, मला काही ठाऊक नाही. आम्ही तरुण होतो तेव्हा आपसात म्हणायचो, बरं जमतं हिला. आता तुमचं हे वाचून वाटतं की तिला खरंच आठवत नसेल का?

पुणेरी_जावई | मंगळवार, दुपारी ३:००

मावशी, सासूला सुनावण्यापुरतं विसरायचं, हे जरा सोयीचं नाही वाटत?

रेघोट्या | मंगळवार, संध्याकाळी ४:३०

मावशी, छान विचारलंत. जावईबापू, "खरं की ढोंग" अशी दोनच खोकी केली तर ती बाई कुठल्याच खोक्यात बसणार नाही. जागरण, उपास, एकसारखा ताल, भोवती सगळ्यांची अपेक्षा, यांत लक्ष एका जागी आवळलं जातं आणि "हे मी करतेय" ही जाणीव सैल होते. संमोहनातही तेच दिसतं: हात उचलतो तो स्वतःच, पण वाटतं की तो आपोआप उचलला गेला. म्हणून ती बोलते त्यात तिच्या मनातलं असतं, आणि तरीही ती "मी बोलले नाही" म्हणते ते तिच्यापुरतं खरं असू शकतं. सासूला सुनावण्याची दुसरी जागा त्या घरात तिला होती का, हाही प्रश्न आहेच.

केळीवाल्यांच्या बाबतीत मात्र अंगात यायला कोणी प्रेक्षक नव्हते.

अमळनेरकर | मंगळवार, रात्री ९:२०

हा प्रश्न खानदेशात पहिल्यांदा विचारला जात नाहीये, एवढंच सांगायला आलो. आमच्या अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापसाच्या गिरण्यांच्या गावात! साने गुरुजी शाळेत शिकवायला लागण्याआधी तिथे अभ्यासाला होते. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संचालक होते. दुसरे तत्त्वज्ञ मलकानी तर वर्षानुवर्षे तिथे राहून अद्वैतावर लिहीत राहिले. आणि अद्वैताचा आवडता मुद्दा कोणता? जागृती, स्वप्न, सुषुप्ती. माणूस गाढ झोपेतून उठतो आणि म्हणतो, "सुखमहमस्वाप्सम्, न किंचिदवेदिषम्." सुखानं झोपलो, काही कळलं नाही. अद्वैती विचारतो: काहीच कळलं नाही, तर सुखानं झोपलो हे कुणाला कळलं? म्हणजे झोपेतही कोणी तरी साक्षी जागा होता.

केळीवाल्यांचे वाफे त्या साक्षीनं भरले असं मी म्हणत नाही. साक्षी फावडं धरत नाही, बघतो फक्त.

रेघोट्या | मंगळवार, रात्री ९:५५

अमळनेरकर, नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांची, बाजू सोडून दिलीत. ते म्हणतात, ही आठवण नाहीच, अनुमान आहे. उठल्यावर अंग हलकं वाटतं, उजाडलेलं दिसतं, मध्ये काही आठवत नाही, त्यावरून माणूस ठरवतो की मी सुखानं झोपलो होतो. केळीवाल्यांनीही तेच केलं. "शेतात दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे मीच." हे अनुमान आहे.

अमळनेरकर | मंगळवार, रात्री १०:१०

मान्य नाही, पण मुद्दा चांगला काढलात. पूर्वपक्ष (समोरच्याची बाजू) मजबूत असला की वादाला चव येते.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | मंगळवार, रात्री १०:१२

पहिल्या पोस्टीत मका होता, आता उपनिषद आलं. साक्षीला म्हणावं मधून मधून फावडं पण धर.

ठिबक_दादा | बुधवार, सकाळी ७:३०

एवढी चर्चा कशाला? मोटरला ऑटो बसवा. लाईट आली की मोटर आपोआप चालू. मक्यालाही ठिबक टाका आणि झोपा घरी.

तापीकाठचा | बुधवार, सकाळी ७:५०

सगळ्यांनी ऑटो बसवले म्हणून तर डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते ना भाऊ. लाईट आली रे आली की सगळ्या मोटरी एकदम ओढतात. मागच्या हंगामात आमची डीपी गेली आणि नवीन मिळेपर्यंत हरभरा वाळला. वर्गणी काढली ती वेगळीच.

ठिबक_दादा | बुधवार, सकाळी ८:००

प्रत्येकानं टायमर वेगवेगळा लावला तर नाही जळत. आणि कपॅसिटर...

धाग्याचा_राखणदार | बुधवार, सकाळी ९:१५

डीपी, ऑटो, कपॅसिटर यांसाठी शेती विभागात वेगळा धागा आहे, तिकडे भांडा. इथे झोप चालू द्या.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | बुधवार, सकाळी ९:१६

चालू द्या म्हणे. राखणदारच पेंगत होते, दोन दिवसांनी आले.

रात्रपाळीची_सिस्टर | बुधवार, दुपारी १:००

चकवावाल्या दादांच्या मामांसाठी एक सापडलं. २००९ मध्ये काही संशोधकांनी लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडलं आणि सांगितलं, सरळ चाला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले, चंद्र मावळला, की वळायला लागले, आणि जंगलात तर गोल फिरून स्वतःच्याच वाटेवर परत आले. त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. केळीच्या बागेत वर पानांचं छप्पर, सगळ्या ओळी सारख्या, रात्रीची वेळ. मामांचं काही चुकलं नाही.

चकवा_खरा_असतो | बुधवार, दुपारी १:२०

म्हणजे जर्मनीतही चकवा आहे. हेच तर सांगत होतो.

केळीवाला_यावल | बुधवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस केळीची कटती (कापणी) चालू होती, म्हणून उशीर.

डॉक्टरसाहेब, साखर नाही. घोरण्याबद्दल बायकोला विचारलं, तिनं एवढं सविस्तर उत्तर दिलं की विचारलं नसतं तर बरं. श्वास अडकतो का यावर ती आता लक्ष ठेवणार आहे. सर्दीची गोळी त्या संध्याकाळी घेतली होती, नाव माहीत नाही, पिवळ्या पट्टीतली. आणि सिस्टरनं विचारलं नाही, पण त्या दिवशी पहाटे चारलाच उठलो होतो, केळीचा ट्रक भरायचा होता. म्हणजे पाण्याला गेलो तेव्हा सतराच्या वर झाले होते. भावाला हे दाखवलं, तर म्हणतो, मग मोबाईल नव्हता हे कशावरून?

आईसाठी नारळ फोडला. खोबरं चांगलं निघालं.

पण जावईबापूंचा प्रश्न मला अजून छळतो. माती नीट लावली होती. एक वाफा उंचावर आहे, तिथे पाणी लवकर चढत नाही, थोडं थांबावं लागतं. तोसुद्धा पूर्ण भरला होता. म्हणजे तिथे मी थांबलो. थांबायचं हे कोणी ठरवलं?

रेघोट्या | बुधवार, रात्री ९:३०

तुमच्या हातांना ते शेत पाठ आहे. पाठ झालेल्या कामातही निर्णय असतात, ते घेताना "मी ठरवतोय" असं वाटावंच लागतं असं नाही. यापुढे कोणी ठरवलं असं विचाराल तर अमळनेरकर परत येतील.

अमळनेरकर | बुधवार, रात्री ९:३२

आलो.

डॉ_सातपुडा | बुधवार, रात्री १०:०५

आधी माझं. पिवळ्या पट्टीची गोळी पाण्याच्या रात्री बंद. मका थोडा वाकडा भरला तर नुकसान थोडं, पण अर्धवट झोपेत ओल्या हातानं स्टार्टरला हात लावू नका. माझ्याकडे येणाऱ्या शॉकच्या केसेस बहुतेक पहाटेच्या असतात. चहा प्यायचा असेल तर तो पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं आडवे व्हा. चहातलं कॅफीन चढायला तेवढा वेळ लागतोच, तोवर डुलकी होते, आणि उठल्यावर दोन्हींचा फायदा मिळतो. इंग्लंडमध्ये झोपाळू ड्रायव्हरांवर हे करून पाहिलंय. पण मध्यरात्रीनंतर चहा पिऊन सकाळी सातला घरी झोपायचं म्हणाल तर तोही अंगात शिल्लक असतो. पाच-एक तासांनी निम्माच उतरतो.

धुळे_सुरत_धुळे | बुधवार, रात्री १०:३०

चहा आणि डुलकी दोन्ही करतो मी. मालकाला दोन्ही चालत नाही.

तापीकाठचा | बुधवार, रात्री १०:५०

यावलकर, तुमची पुन्हा रात्रीची पाळी कधी? तेव्हा माझी दिवसाची असेल. फैजपूर काही लांब नाही. एखादी रात्र सोबतीला येतो, पुकारत राहू एकमेकांना. भरीत आणि कळण्याची भाकरी तुमच्याकडे लागली.

केळीवाला_यावल | बुधवार, रात्री १०:५५

या. वांगी बामणोदची आणून ठेवतो.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री | बुधवार, रात्री १०:५६

भरीत खाऊन दोघंही झोपले तर?

लोको_रिटायर्ड_भुसावळ | बुधवार, रात्री ११:१५

आमच्या इंजिनातही दोघं असायचे. भरीत ड्यूटी संपल्यावर.